बरड जमिनीवर हंगामी पेरणीऐवजी बहुवर्षायू अन्नपिके

बरडवाट (धागाकर्ता)

नमस्कार. वाशीम जिल्ह्यात आमची सात एकर कोरडवाहू शेती आहे. त्यातील पाच एकर नाल्याकडची काळी कसदार जमीन असून वरच्या अंगाची दोन एकर बरड आणि उताराची आहे. अनेक वर्षे दोन्हीकडे सोयाबीन आणि तूर हीच पेरणी चालू आहे. काळ्या जमिनीबद्दल माझी काही तक्रार नाही. वरच्या दोन एकरांत मात्र उन्हाळ्यात वखरून भुसभुशीत केलेली माती पहिल्या दांडग्या पावसात ओघळींनी खाली उतरते. माझ्या लहानपणी जो मुरूम वीतभर मातीखाली होता, तो आता काही ठिकाणी वखराच्या पासेला लागतो.

यंदा जूनमधील पावसानंतर त्या तुकड्यात फिरताना एक गोष्ट पाहिली आणि ती डोक्यातून जाईना. गेल्या वर्षी तूर कापताना धुऱ्यालगतचे (बांधालगतचे) एक झाड चुकून राहून गेले होते. उन्हाळाभर ते तग धरून राहिले आणि पावसाबरोबर त्याला नवी पालवी फुटली. त्याच्या बुडाभोवतीची माती आजूबाजूपेक्षा बोटभर उंच राहिलेली होती, वाहून आलेला काडीकचरा त्याच्या खोडाला अडून बसला होता, आणि तेथून दोन हातांवर सोयाबीनच्या कोवळ्या रोपांची पांढरी मुळे उघडी पडली होती. पाऊस एकच, उतारही एकच. फरक एवढाच की एक मूळ वर्षभर जमिनीत होते आणि दुसरे दहा-बारा दिवसांचे होते.

तूर ही मुळात काही वर्षे जगणारी झुडूपवर्गीय वनस्पती आहे, आपणच तिला एका हंगामाची केली आहे, हे मला ठाऊक होते; पण त्याचा अर्थ त्या दिवशी समजला. या दोन एकरांत नांगर-वखर कायमचा थांबवून तेथे बहुवर्षायू अन्नपिके घ्यावीत, असे तेव्हापासून मनात आहे. मला केवळ विक्रीची फळबाग नको आहे. घरच्या ताटात जे येते त्यातला काही भाग या जमिनीने द्यावा, अशी इच्छा आहे. शेवगा, हादगा, सीताफळ, बोर, आवळा, चिंच आणि जमल्यास बारमाही तूर एवढे डोळ्यांपुढे आहे. विहिरीचे पाणी फेब्रुवारीपर्यंत पुरते. रोह्यांचा (नीलगायींचा) उपद्रव आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

मातीकण

दादा, तुम्ही जे पाहिले त्यामागचे कारण असे की आपल्याकडे पावसाचा सर्वांत मोठा मारा जून-जुलैमध्ये होतो आणि नेमक्या त्याच वेळी हंगामी पिकाची जमीन उघडी असते. थेंब मोकळ्या मातीवर आदळतो, मातीचे कण सुटे होतात, बारीक कण छिद्रांत बसून वरचा थर लिंपल्यासारखा होतो आणि मग पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. सोयाबीनचा पाला जमीन झाकू लागेपर्यंत बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. झाडाखाली पालापाचोळ्याचा थर असतो आणि मुळांनी केलेल्या वाटांतून पाणी आत उतरते, म्हणून तेथे हा क्रम सुरूच होत नाही.

आकडाच हवा असेल तर 1983 साली ध्रुवनारायण आणि रामबाबू यांनी देशासाठी काढलेली धूपेची सरासरी वर्षाला हेक्टरी 16.35 टन आहे. ही माती डोळ्यांना किती दिसेल? एक घनमीटर माती साधारण 1.3 टनांची धरली, तर हेक्टरभर पसरलेला एक मिलिमीटर थर 13 टनांचा होतो. म्हणजे वर्षाला सव्वा मिलिमीटर, आणि चाळीस वर्षांत पाच सेंटिमीटर. हा हिशेब सरासरीचा आहे आणि त्यात सपाट शेतेही आली. उताराच्या वखरलेल्या बरडाचे त्याहून अधिक जाते. तुमच्या लहानपणीचा वीतभर थर कोठे गेला, याचे उत्तर यात आहे.

माझे मत स्पष्ट आहे. प्रश्न हंगामी पिके वाईट की बहुवर्षायू पिके चांगली, असा मांडू नये. जेथे नांगर जमिनीला मारतो तेथून तो उचलावा आणि जेथे जमीन त्याला पेलते तेथे ठेवावा. काळ्या पाच एकरांत ज्वारी, हरभरा, तूर, सोयाबीन फिरवत राहा आणि वरचे दोन एकर मुळांच्या हवाली करा. वरची माती थांबली की खालच्या पाच एकरांत वाहून येणारा मुरूमही थांबेल.

दापोलीची माहेरवाशीण

आमच्या कोकणात हा बदल दोन पिढ्यांपूर्वीच झाला, म्हणून सविस्तर लिहिते. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत माझी आजी नाचणी आणि वरी घेत असे. पुढे वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने काजूच्या चांगल्या जाती दिल्या, 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, आणि पाहता पाहता उतारांवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. माती थांबली, हातात रोकड आली, मुंबईला गेलेल्यांनाही जमीन राखणे शक्य झाले. हे सारे चांगलेच झाले.

पण घरात नाचणी विकत येऊ लागली, ही गोष्ट सहसा कोणी मोजत नाही. काजूगराने पोट भरत नाही. म्हणून धागाकर्त्यांनी "घरच्या ताटात" हे शब्द लिहिलेले पाहून मला फार बरे वाटले. बहुवर्षायू पिके आणि बहुवर्षायू अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरे बहुवर्षायू अन्न आमच्या घरामागच्या आगरात होते आणि अजून आहे. मार्चमध्ये कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी सुरू होते, मे महिन्यात कापा फणस गऱ्यांसाठी आणि बरका सांदणांसाठी, कच्च्या गऱ्यांचे तळण डब्यात भरून ठेवलेले. आठळ्या ओल्या मातीत घोळवून, वाळवून माळ्यावर ठेवल्या की पावसाळ्यात आमटीत आणि भाजीत पडतात. कोपऱ्यात नीरफणस. त्याला बी नसते, म्हणून मुळावर आलेली फूट काढून तो लावतात. त्याच्या कापांनी दोन माणसांचे जेवण सहज होते. फणसाच्या सावलीत सुरण आणि अळू, खोडावर चढवलेले कोनफळ आणि करांदे. कंद काढताना वरचा भाग पुन्हा त्याच खड्ड्यात पुरायचा, एवढीच त्याची "पेरणी". आजीने तो खड्डा कधी बदलला नाही. शेणखत आणि पातेरा त्यात पडत राहिला, आणि हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशी ती माती झाली होती.

हे सगळे तुमच्या बरडावर होणार नाही, कारण आमच्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. रचना मात्र घेता येईल: वर मोठे झाड, मध्ये झुडूप, खाली कंद आणि कडेला वेल.

ओंबी

मी अमेरिकेत कॅन्सस राज्यात राहतो. बहुवर्षायू धान्याचा उल्लेख अजून आला नाही, म्हणून लिहितो. येथे सलायना गावाजवळ लँड इन्स्टिट्यूट ही संस्था वेस जॅक्सन यांनी 1976 साली सुरू केली. गव्हाच्या नात्यातील एका बहुवर्षायू गवतातून निवड करत करत त्यांनी कर्न्झा नावाचे धान्य तयार केले आहे. त्याची मुळे तीन मीटर खोल जातात. एका प्रदर्शनात गव्हाचे आणि कर्न्झाचे मूळ शेजारी टांगलेले पाहिले होते. गव्हाचे मूळ माणसाच्या कमरेपर्यंत होते आणि कर्न्झाचे छतापासून जमिनीपर्यंत, खाली खाली दाट होत गेलेल्या जटेसारखे. पण दाणा गव्हाच्या मानाने फारच बारीक असतो, उत्पन्न गव्हाच्या पाव ते एक तृतीयांश आणि तेही काही वर्षांनी घटत जाते.

भाताची गोष्ट अधिक पुढे गेली आहे. चीनच्या युनान विद्यापीठात हू फेंगयी यांच्या गटाने लागवडीचा भात आणि आफ्रिकेतील बहुवर्षायू रानभात यांच्या संकरातून पीआर 23 ही जात काढली. ती 2018 मध्ये शेतकऱ्यांना दिली गेली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकदा लावलेल्या भाताची चार वर्षांत सलग आठ वेळा कापणी झाली. दर कापणीला उत्पन्न हेक्टरी सरासरी 6.8 टन आले. दर हंगामी पुन्हा लावलेल्या भाताचे 6.7 टन होते. चिखलणी, रोपे आणि लावणी वाचल्याने फुटव्याच्या हंगामांत मजुरी निम्म्याहून अधिक वाचली. 2021 मध्ये ती 15,333 हेक्टर क्षेत्रावर होती. पाचव्या वर्षी मात्र उत्पन्न घसरते आणि पुन्हा लागवड करावी लागते.

दापोलीची माहेरवाशीण

ओंबी, ही माहिती मोलाची आहे. आमच्या खाचरांत मात्र भात कापला की जमीन भेगाळते आणि शिमग्यानंतर गुरे मोकळी सुटतात. पाणी आणि राखण नसेल तर कोणताही फुटवा मेपर्यंत जगणार नाही. ज्यांच्याकडे कालव्याचे पाणी बारमाही आहे त्यांच्यासाठी ती वाट असू शकेल.

जुना वाहितदार

माझे वय सत्तरच्या पुढे आहे आणि आयुष्य परभणीकडे ज्वारी-तुरीत गेले आहे. दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो.

पहिली तुरीची. धागाकर्त्यांना धुऱ्यावरचे झाड आवडले, मलाही आवडले असते. परंतु राहून गेलेली तूर हे वांझ रोगाचे उन्हाळ्यातले घर असते. झाड हिरवेगार दिसते, पाने लहान आणि फिकट होतात, फुले येत नाहीत. डोळ्यांना न दिसणारे कोळी त्या झाडावर जगतात आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर शेजारच्या नव्या तुरीवर जातात. काळ्या जमिनीत आपण दरवर्षी तूर पेरणार असाल, तर त्याच्याच डोक्यावर वर बारमाही तूर ठेवू नये. ठेवायचीच असेल तर मर आणि वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक अशी 'आशा'सारखी जात घ्यावी, थोडी झाडे ठेवावीत आणि फिकट पडलेले झाड त्याच दिवशी मुळासकट उपटावे.

दुसरी ज्वारीची. बहुवर्षायू धान्याचे वाचून कोणी ज्वारीचा खोडवा राखायला जाईल, म्हणून लिहितो. ज्वारी कापल्यावर सडाला जे कोवळे फुटवे येतात, त्यांत विष असते. ते खाऊन जनावराला किराळ लागते आणि घटका-दोन घटकांत जनावर जाते. माझा एक खोंड असाच गेला आहे. कापलेल्या रानात तो सुटला, आम्ही धावत पोहोचलो तेव्हा तो धापा टाकत आडवा पडला होता, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळे संपले होते.

दाण्याला पर्याय नाही. ज्वारी ज्वारीच्या जागी राहू द्या, हेच माझे म्हणणे.

मोसंबीगाव

जालना जिल्ह्यातून लिहितो. झाड लावले की निश्चिंत झालो, असे कोणी समजू नये. 2012-13 च्या दुष्काळात आमच्या भागातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. आमची चौदा वर्षांची बाग होती. जानेवारीत विहीर आटली, टँकरने पाणी घातले, मार्चमध्ये पैसे संपले. आधी पाने गुंडाळली, मग शेंड्याकडून फांद्या वाळत आल्या, आणि जूनमध्ये आम्ही ती झाडे तोडून सरपणाला दिली. सोयाबीन बुडाले तर एक वर्ष बुडते. येथे चौदा वर्षे बुडाली, आणि नवीन बाग धरायची तर पुढची पाच वर्षे पुन्हा उत्पन्नाविना.

दोष मोसंबीला देणार नाही. उन्हाळ्यातही हिरवे राहणारे आणि पाणी मागणारे झाड आम्ही अशा जमिनीत लावले जिच्या पोटात उन्हाळ्यात पाणी नसते. त्यानंतर मी चार एकर बरडावर बोर आणि सीताफळ धरले आहे. ही दोन्ही झाडे आपल्या उन्हाळ्याशी जमवून घेतात. सीताफळ पाने गाळून उभे राहते. बोरीची आपण एप्रिल-मेमध्ये छाटणी करतो, म्हणजे पाण्याच्या सर्वांत कठीण दिवसांत तिच्यावर पानोळाच नसतो. पावसाबरोबर फूट निघते, तिच्यावरच फुले येतात आणि थंडीत फळ मिळते. शिवाय सीताफळाचा पाला शेळीसुद्धा खात नाही, त्यामुळे कुंपणाचा अर्धा प्रश्न सुटतो.

सर्वांत महत्त्वाचे सांगायचे ते मुळाबद्दल. पिशवीतील कलमाचे सोटमूळ पिशवीच्या बुडाशी वळलेले किंवा तुटलेले असते. पहिल्या खेपेला मी एका रोपवाटिकेतून बोरीची दोनशे कलमे आणली होती. ती दिसायला तजेलदार होती, पण पहिल्याच उन्हाळ्यात बहुतेक मेली. एक उपटून पाहिले तर मूळ पिशवीच्या आकारात गोल फिरून तसेच राहिले होते. पुढच्या वर्षी खड्ड्यातच गावठी बोरीच्या आठळ्या लावल्या, रोप पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर जागेवरच त्यावर उमराण या जातीचा डोळा भरला (डोळ्याचे कलम केले). त्या झाडांचे सोटमूळ मुरमाच्या भेगांतून सरळ खाली गेले आहे. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर मी त्यांना पाणी दिलेले नाही.

पदरखोच

आतापर्यंत जमीन आणि झाडे यांबद्दल बोलणे झाले. कामाबद्दल कोणी लिहिले नाही. सोयाबीनचे निंदण बायका करतात, तुरीच्या शेंगा बायका तोडतात. दोन एकर निंदणातून सुटले, तर घरातील बाईचे आणि मजूर बायांचे दिवस बदलतात, चांगलेही आणि वाईटही. मजुरीवर जगणाऱ्या बाईला ते दिवस कमी होतात, हे लक्षात असू द्यावे.

हादगा, शेवगा आणि कढीपत्ता दोन एकरांच्या टोकाला न लावता घराजवळ किंवा विहिरीजवळ लावा. भाजी हाताच्या अंतरावर असेल तरच रोज ताटात येते. शेवग्यासाठी पीकेएम 1 किंवा दापोलीची कोकण रुचिरा या जाती आहेत. पीकेएम 1 बियांपासून होते आणि सहा-सात महिन्यांत शेंगा देऊ लागते. बहार संपला की खोड कमरेएवढे ठेवून वरचे छाटावे, म्हणजे पुन्हा हाताला येईल अशी फूट निघते. छाटले नाही तर झाड वीस फूट वर जाते, शेंगा वाऱ्याबरोबर हलतात आणि लाकूड ठिसूळ असल्याने फांदी मोडून माणूस पडतो. शेंगा विकायला, पाने खायला. आमच्याकडे पाल्याची भाजी मुगाच्या डाळीबरोबर होते आणि वाळवलेला पाला थालीपिठाच्या भाजणीत जातो. जनावरे शेवगा आणि हादगा सोडत नाहीत, हेही घराजवळ लावण्याचे एक कारण.

मधल्या वर्षांची सोय कशी करावी, याचा जुना नमुना म्हणजे बाएफ संस्थेची वाडी. गुजरातमधील वांसदा येथे 1982 मध्ये ती सुरू झाली आणि पुढे जव्हारकडेही आली. एका एकरात आंबा-काजूची कलमे, कडेने वनझाडांचे दाट कुंपण, आणि झाडे मोठी होईपर्यंत मधल्या जागेत नेहमीची हंगामी पिके. त्यामुळे पहिल्या वर्षीही घरात धान्य येते. सरकारी मदत पाहायची तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असे हप्ते मिळतात, झाडे जिवंत असण्याच्या अटीवर. सातबाऱ्यावर घरच्या बाईचे नाव असावे, असा आग्रह मी या निमित्ताने धरीन. झाड वीस-तीस वर्षांचे आहे, आणि त्याला पाणी घालणाऱ्या हातांना त्याच्यावर हक्क असला पाहिजे.

बरडवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काकांनी तुरीबद्दल सांगितले ते वाचून मी लगेच धुऱ्यावर गेलो. त्या झाडाच्या दोन फांद्यांची पाने खरोखरच लहान आणि फिकट होती. जड मनाने ते झाड उपटले. बारमाही तुरीचा विचार सोडला आहे. तूर काळ्या जमिनीतच पेरीन.

आराखडा असा बदलला आहे. दोन्ही एकर एकदम न घेता पहिल्या वर्षी सर्वांत वरचा अर्धा एकर घेतो. समपातळीत चर खोदून त्याच्या खालच्या भरावावर बोर आणि सीताफळ लावीन, भरावाला मारवेल गवत. दोन चरांच्या मधल्या पट्ट्यांत पहिली तीन-चार वर्षे मटकी आणि कुळीथ, तेही उताराला आडवे पेरून, कारण ही पिके पसरून जमीन लवकर झाकतात. कडेने गिरिपुष्प, ज्याचा पाला झाडांच्या बुडाशी टाकता येईल. चिंच एकच, कोपऱ्यात. शेवगा, हादगा आणि कढीपत्ता विहिरीजवळ; तेथेच ओलाव्याला सुरण आणि अळूही करून पाहतो. आईला फणसाची हौस आहे, पण येथे तो जगवणे कठीण, हे मी तिला समजावले आहे.

सातबाऱ्याच्या मुद्द्यावर घरी बोलणे झाले. वडिलांनी लगेच होकार दिला नाही, परंतु नकारही दिला नाही. मी विषय सोडणार नाही.

मोसंबीगाव, गावठी बोरीच्या आठळ्या येथे पुष्कळ मिळतील. उगवण चांगली होण्यासाठी काय करावे?

मोसंबीगाव

पूर्ण पिकून खाली पडलेली फळे घ्या, गर धुऊन काढा आणि आठळ्या सावलीत वाळवून ठेवा. लावण्याआधी एक लिटर पाण्यात सुमारे पावणेदोनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात त्या चोवीस तास ठेवा. ज्या तरंगतील त्या पोकळ असतात, त्या फेकून द्या. बुडालेल्या साध्या पाण्याने स्वच्छ धुऊन घ्या. आठळीचे कवच हलक्या हाताने फोडून आतले बी काढले तर ते आठवड्याभरात उगवते, पण घाव जरा जोरात पडला की बी चिरते, म्हणून सवय नसेल तर अखंड आठळीच लावावी आणि महिनाभर वाट पाहावी. प्रत्येक जागी तीन आठळ्या, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. उगवल्यावर जोमदार एक ठेवून बाकीची उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे राहिलेल्या रोपाचे मूळ हलणार नाही. डोळा भरायच्या वेळी कळवा, उमराणच्या काड्या मी पाठवीन.